अरेथूसाचा पांढरा पट्टा

माझ्या सवतीचं नाव अरेथूसा. तिला धुराच्या दोन चिमण्या होत्या, नाचायचा हॉल होता, आणि माझा नवरा मान्थोस तिच्यावर खलाशांचा मुकादम होता. माझी दोन्ही मुलं तो समुद्रावर असताना जन्मली. पुढे ती निवृत्त झाली, तोही झाला, तरी दोघांचं काही सुटलं नाही. एलेफ्सिनाच्या खाडीत ती नांगरून पडली आणि जुन्या खलाशांच्या संघटनेने मान्थोसला तिचा राखणदार नेमलं. मला म्हातारपणीही नवरा उसनाच मिळाला.

एका बेटाची नगरपालिका तिचं संग्रहालय करायला तयार होती, पण उन्हाळ्यापर्यंत थांबा म्हणाली होती. तोवर बंदर कार्यालयाची अट एकच. जहाजात पाणी शिरता कामा नये. शिरलं तर ते धोकादायक ठरणार आणि थेट तुर्की किनाऱ्यावर तोडायला जाणार.

संघटनेचा इंजिनिअर व्रेत्तोस मान्थोसला माझ्यासमोर बजावून गेला होता. "मान्थोसकाका, पाण्याच्या रेषेला हात लावायचा नाही. तिथे पत्रा उरलेलाच नाही. गंजाने आणि रंगाच्या पापुद्र्यांनी समुद्र अडवून धरलाय."

पण ईस्टर जवळ आला. ईस्टरला आमचं अख्खं पेरामा गाव चुना फासत सुटतं. पायऱ्या, कुंड्या, झाडांचे बुंधे, काही सोडत नाही. मान्थोसला ते बघवेना. मी जेवण घेऊन होडीतून गेले, तर हा तराफ्यावर उभा राहून जहाजाची कूस खरवडतोय आणि पाण्याच्या रेषेवरचा पांढरा पट्टा नव्याने ओढतोय.

"अरे, व्रेत्तोस काय सांगून गेला?"

"त्याला काय कळतंय? सणाला ही अशी पारोशी राहणार?"

"मी पारोशी राहिले तर तुझ्या लक्षात तरी येईल का?"

"येईल की. त्या दिवशी तू जास्त भांडशील."

गुड फ्रायडेला सकाळी व्हिनेगर घातलेली मसूर घेऊन गेले तेव्हा तो जहाजाच्या पोटात बसला होता. खरवडलेल्या जागेतून सुतासारखी पाण्याची धार येत होती. त्याने तिथे चिंधी कोंबली होती. लाकडी पाचर आणि हातोडा शेजारीच पडले होते.

"पाचर मार ना."

"आज?"

"मग काय नाताळात?"

"आजच्या दिवशी कुणी ठोकाठोकी करत नाही, झाबेता. ज्या दिवशी देवाला खिळे ठोकले त्या दिवशी माझ्या आईने कधी सुईसुद्धा हातात धरली नाही."

"मग दे इकडे, मी मारते. माझं देवाशी तसंही फारसं पटत नाही."

त्याने हातोडा मांडीखाली घेतला आणि वर बसला. "उद्या उजाडलं की मारतो. तोवर चिंधी धरेल."

मला घरी जाववेना. काठावर चर्चच्या घंटा सावकाश वाजत होत्या, आणि मी रिकाम्या डेकवर येरझाऱ्या घालत होते. बसले की उठावंसं वाटे, उठले की खाली डोकावावंसं वाटे. दुपारी जुनी चादर फाटावी तसा आवाज झाला आणि मी जिने उतरत धावले.

पत्रा फाटला होता. आता हातोडा त्याच्या हातात होता, पण पाचर भोकातून आरपार निघून गेली होती. आपली झोपायची गादी भोकावर दाबून, तिला पाठ लावून तो उभा होता. पाणी कमरेपर्यंत आलं होतं. पाणी उपसायचा छोटा पंप गंज ओढून ओढून बंद पडला होता.

"बंदरवाल्यांना फोन करायचा नाही," तो म्हणाला. "पंप साफ कर. थोडा वेळ दे मला."

"वेळ कुठला द्यायचा? पाणी बघ."

"फोन केलास तर ती गेली."

"आणि नाही केला तर तू."

"तुला माझी शपथ आहे, झाबेता."

"तुझी शपथ पाळली तर तूच उरणार नाहीस."

मी वर आले. हे जहाज बुडावं असं मी किती वेळा मनात आणलं असेल. बुडालं तर धक्क्यावर नाचेन, असं बहिणीला बोललेही होते. आणि आता फोन हातात असून नंबर दाबवेना. तो हे कायम माझ्या खात्यावर मांडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. तरी केला फोन.

बंदरवाल्यांची लाँच मोठे पंप घेऊन आली. तिच्यावरच्या दोघांनी मान्थोसला काखेत धरून वर ओढलं. भोकावर पत्रा जोडला, जहाज तरलं, आणि त्याच दिवशी धोकादायक ठरलं. बातमी कळून धावत आलेला व्रेत्तोस माझ्या कानाशी म्हणाला, "सकाळी पाचर मारली असती तर टिकलं असतं." मान्थोसने ते ऐकलं.

त्या ईस्टरला त्याने लाल अंडं हातात धरलं नाही. भाजलेल्या कोकराला शिवला नाही. फक्त एकदा म्हणाला, "जिंकलीस." फार लागलं मला ते.

जहाज ओढून न्यायच्या दिवशी तो स्वयंपाकघरात खिडकीकडे पाठ करून बसला. मला काही ते बघत बसवेना. जिन्याखालचा उरलेला रंग उचलला आणि होडीवाल्याला गाठलं.

"झाबेताबाई, तोडायला चाललेल्या जहाजाला रंग?"

"तुला उद्या पारोसाच पुरला तर चालेल का? वल्हव."

मान्थोसचा पट्टा जिथे थांबला होता तिथून मी ओढायला लागले. होडी हलत होती, रंग कोपरापर्यंत ओघळत होता. सवतीला पहिल्यांदाच हात लावला. पत्रा उन्हाने कोमट झाला होता. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला.

घरी पोचले तोवर टगबोटी तिला पेरामासमोरून ओढत होत्या. खाडीतल्या सगळ्या बोटी भोंगे वाजवत होत्या. मान्थोसने खुर्ची फिरवली होती. समोर अरेथूसाची अख्खी कूस होती, आणि तिच्यावर टोकापासून टोकापर्यंत पांढरा पट्टा.

"मागचा पट्टा कुणी मारलाय?" तो म्हणाला. "वाकडा आलाय."

"होडी हलत होती."

त्याने वळून माझे हात पाहिले. मग उठला, मोरीखालून टर्पेंटाइन आणि फडकं काढलं, मला खुर्चीवर बसवलं आणि एकेक बोट पुसायला लागला. जहाज खिडकीच्या चौकटीबाहेर गेलं तेव्हा तो माझ्या अंगठ्यापाशी होता. त्याने मान वर केली नाही.