तंबूखालचं गवत

"शेजारी माणूस गेलंय, आणि तू गवताचं काय घेऊन बसलायस?"

"मग दुसऱ्याच्या अंगणात ठोका ना तंबू! अख्ख्या गल्लीत माझंच लॉन सापडलं?"

"तुझं लॉन? घर कोणाचंय रे?"

"घर तुझं, आत्या. गवत माझं!"

आत्यानं हातातला डाव खाली ठेवला. ती डाव खाली ठेवते तेव्हा विषय संपला असं समजायचं. सेचाबानं दाराला लाथ घातली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.

शेजारच्या मालेफा आज्जी सोमवारी गेल्या. त्यांच्या अंगणात मागे-पुढे भाडेकरूंच्या खोल्या, तंबूला जागाच नाही. इकडे दक्षिण आफ्रिकेत, मंगाउंगमध्ये, अशा वेळी शेजारच्याचं अंगण घेतात. विचारतबिचारत नाहीत. मधली तारेची जाळी उपटतात, दोन अंगणांचं एक करतात, आणि शनिवारी माती देऊन होईपर्यंत तिथेच बसणं, प्रार्थना, जेवणं. सेचाबाला हे काय माहीत नव्हतं? पण त्याची गोष्ट वेगळी होती.

शाळा त्यानं गणिताच्या मास्तरशी भांडून सोडली, त्यानंतर त्याच्याकडे दाखवायला होतं काय, तर हे लॉन. किकुयू गवताच्या कांड्या नदीकाठून उपटून आणून त्यानं एकेक लावली होती. उन्हाळाभर दर आठवड्याला कापायचा. पानं पिवळी पडायला लागली की मशीनचं पातं वर घ्यायचा, म्हणजे थंडीत गवताच्या अंगावर चार केस राहतील. थंडीत सगळं गवत वाळून चटईसारखं व्हायचं, तेव्हाही तो कुणाला वरून चालू द्यायचा नाही. पोस्टमन फाटकातनंच ओरडायचा, "सेचाबा, येऊ का, की उडत येऊ?"

आणि आता चर्चचं सगळं मैदान सांभाळायला माणूस हवा होता. पास्टरबाई म्हणाल्या होत्या, "तुझं लॉन एकदा बघते, मग सांगते." महिनाअखेरीला येणार होत्या. सेचाबानं घाई केली. इकडे थंडी सरते तो ऑगस्ट लागला, दोन दिवस ऊन तापलं, पीचच्या झाडांना गुलाबी फुलं आली, आणि यानं लॉन पार बोडकं केलं. वरून शेणखत चाळून घातलं. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं, "पीच फसवतं रे पोरा, थंडी अजून गेली नाही." हा म्हणाला, "तुम्ही तुमच्या शेगडीशी बसा."

आठवड्यात कोवळे कोंब वर आले. हिरवे, सुईएवढे. आणि त्यावर आता तंबू.

तंबू आला. बायका घमेली, टोपल्या घेऊन आल्या. खुर्च्यांचे पाय मातीत रुतले. सेचाबा पायरीवरून एकेकाचे बूट मोजल्यासारखा बघत होता. आज्जींचा मुलगा लेफाकाका जवळ आला.

"जेवणाच्या हंड्या आमच्याकडे मागच्या बोळात लावतो. इथं जाळ नको ना?"

"तुम्हीच ठरवा. अंगण तर तुमचंच झालंय."

लेफाकाका नुसता मान हलवून गेला. त्या माणसाचे डोळे रडून लाल झाले होते, ते सेचाबाला दिसलं. दिसलं म्हणून आणखीच राग आला. तरीही त्यांनी एक हंडी चुकून लॉनच्या कोपऱ्यात ठेवलीच, आणि तिथं गवत जळून काळं गोल झालं. त्यावरून तो आत्याला दिवसभर टोचून बोलला.

शुक्रवारी पहाटे हातपाय आखडून तो जागा झाला. बाहेर आला तर नळाच्या तोंडाला बर्फ. समोरच्या घराच्या छपरावर गोठलेलं दव, पांढरं. गल्लीच्या टोकाला एकानं याचं बघून लॉन कापलं होतं, ते उकडलेल्या पालकासारखं पडलं होतं. सेचाबा फाटकाकडे धावला. फाटकाजवळची पट्टी तंबूच्या बाहेर होती. तो वाकला. कोंब काळे, बोट लावलं की चिखल.

तंबूची कड उचलून तो आत घुसला. आत दोन म्हाताऱ्या अंगावर ब्लँकेटं घेऊन बसल्या होत्या, शेगडी विझत आली होती.

"काय रे, खुर्च्या मोजायला आलास?" एकीनं विचारलं.

त्यानं गुडघ्यावर बसून खुर्च्यांच्या मधली माती बघितली. कोंब होते. जरा फिकट, बुटांनी आडवे झालेले, पण जिवंत. एक उपटून त्यानं दातात धरला. कच्चं, गोडसर.

"खातोय बघ गं गवत!" म्हातारी दुसरीला म्हणाली. "भूक लागली असेल तर ब्रेड आहे की!"

सेचाबा हसला. आठवड्यात पहिल्यांदा.

शनिवारी आज्जींना माती दिली. माणसं परत आली, फाटकापाशी ठेवलेल्या घमेल्यात हात धुऊन आत आली, गोमांस, कोबी आणि बीट जेवली. सेचाबानं स्वतः घमेल्यात पाणी भरलं, आल्याचं सरबत वाढलं. आत्या लांबून बघत होती. तिला बरोबर कळतं कधी गप्प बसायचं.

रविवारी तंबूवाला आला आणि गल्लीनं तमाशा बघितला.

"दोन दिवस राहू द्या ना!"

"अरे, पलीकडच्या गल्लीत उद्या लागतोय!"

"रेडिओवर सांगितलंय, आणखी थंडी येणार. एक बाजू तरी ठेवा!"

आत्या दारात उभी राहून हसून हसून वाकली. "हाच ना तो? तंबू नको म्हणून दार मोडणारा?"

"आत्या, तू मध्ये पडू नको!"

तंबू गेला. लॉन उघडंबोडकं पडलं, थरथरत असल्यासारखं. सेचाबा त्याच्या मधोमध उभा राहिला आणि त्याला खरंच रडायला आलं. लेफाकाका उपटलेली जाळी परत लावत होता. त्यानं पक्कड खाली ठेवली.

"काय हवंय तुला? नीट सांग."

"झाकायला काहीतरी. रात्रीपुरतं."

"आमच्या माणसांना तू आठवडाभर छप्पर दिलंस."

"मी कुठं दिलं, काका? मी तर भांडत होतो. सगळ्यांनी ऐकलं."

"ऐकलं. पण अंगण तर मिळालं ना?" लेफाकाका घरात गेला आणि मक्याची रिकामी पोती घेऊन आला. मग गल्लीत आवाज दिला. अंधार पडायच्या आत जुने पडदे आले, चर्चच्या टेबलांवरची कापडं आली. तेवढ्यानं अर्धंच झाकलं. तेव्हा त्या दोन म्हाताऱ्या आल्या, त्यांच्यामागे आणखी चार, आणि त्यांनी खांद्यावरची ब्लँकेटं काढली. इथल्या बासोथो लोकांत बाई अंगावरचं ब्लँकेट सहसा दुसऱ्याच्या हातात देत नाही.

"माती लागेल," सेचाबा म्हणाला.

"खाली पोती घाल, शहाण्या. रात्री आम्हाला गोधड्या आहेत. पण सकाळी ऊन यायच्या आत परत आण, सकाळी खांद्याला तीच लागतात."

"आणि नाचवत आणू नको," दुसरी म्हणाली. "माझं लग्नातलं आहे."

त्यानं ब्लँकेटं दोन्ही हातांनी घेतली. तो म्हणाला, "आज्ज्यांनो, उन्हाळ्यात तुमच्या अंगणातलं सगळं मी कापीन." म्हाताऱ्या म्हणाल्या, आमच्या अंगणात गवत नाही, आम्ही झाडून साफ ठेवतो, साप येतात. मग तो म्हणाला, "तर झाडून देईन."

आठवडाभर असंच चाललं. संध्याकाळी घालायचं, सकाळी उचलायचं. पांढरं पडायचं ते ब्लँकेटांवर. खाली गवत रोज थोडं दाट होत गेलं. जळका गोल तसाच राहिला, त्याच्या कडेनं एक कांडी आत सरकायला लागली होती.

पास्टरबाई ठरल्यापेक्षा आधीच आल्या, अगदी सकाळी. सेचाबाच्या हातांवर ब्लँकेटांचा ढीग, हनुवटीनं वरचं दाबून धरलेलं. बाई लॉनच्या कडेला उभ्या राहिल्या. वाकून त्यांनी तळहात गवतावर फिरवला.

"सगळ्यांचं काळं पडलंय, तुझं कसं राहिलं?"

"मी नाही राखलं. यांनी राखलं." त्यानं हनुवटीनंच ढिगाकडे दाखवलं.

"बस जरा. चर्चच्या मैदानाचं बोलायचं होतं."

आत्या मागून डोळे मोठे करून खुणावत होती, बस, बस मेल्या! समोर गल्लीत म्हाताऱ्या दारांत येऊन उभ्या होत्या, हात काखेत खुपसून.

"बाई, लॉन बघा, बूट काढून चाला, हवं तेवढं बघा," सेचाबा म्हणाला. "पण त्या थंडीत उभ्या आहेत. मला आता निघायला हवं."