टेबलावरचं बेट

“नाडी लागत नाही, मॅडम,” असं लॅपटॉपमधून आलं आणि नाडीच्या ठोक्यांबरोबर टेबलावर टकटक करणारं माझ्या सुनेचं बोट थांबलं.

मे महिन्यातली भर दुपार होती. सोलापूरचं ऊन खिडकीच्या जाळीतून आत येऊन फरशीवर पांढरं पडलं होतं, पंखा गरम हवाच इकडून तिकडं ढकलत होता, आणि जेवणाच्या टेबलावरच्या त्या चपट्या यंत्रातून मात्र पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसाचा आवाज येत होता. तो पाऊस आमचा नव्हता. अंदमानच्या बाजूला समुद्रात एक लहान बेट आहे, तिथल्या दवाखान्यावर तो पडत होता. तिथं खाटेवर सरोजा नावाची शाळेतली बाई निपचित पडली होती. तिच्याशेजारी एक तरुण डॉक्टर लांब सुई धरून उभा होता, आणि ती सुई छातीत कुठून, किती आत घालायची हे माझी सून पद्मजा त्याला जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमधून सांगत होती.

सकाळपासून चाललेलं मला जेवढं कळलं ते असं. पद्मजा हृदयाची सर्जन. वर्षातून काही वेळा ती तिकडच्या मोठ्या बेटावर जाऊन ऑपरेशनं करते. सरोजाच्या हृदयाची झडप तिनंच बदलली होती. पुढं रक्त पातळ राहायच्या गोळ्या असतात, त्यांनी सरोजाचं रक्त जास्तच पातळ झालं आणि हृदयाभोवती जी पिशवी असते तिच्यात पाझरून साचलं. हृदय मिटत होतं, पण उमलायला त्याला जागा उरली नव्हती. समुद्र खवळलेला, जहाज नाही, हेलिकॉप्टर उतरत नाही. साचलेलं काढायचं तर तिथंच, आणि त्या पोरानं हे काम आधी कधी केलेलं नव्हतं. पडद्यावर एक राखाडी, हलणारं चित्र होतं. त्यात हृदय कोणतं आणि रक्त कोणतं हे पद्मजाला दिसत होतं. ते चित्र होतं तोवर तिचे डोळे त्याच्या हातापाशी होते.

तेवढ्यात न्हाणीतला नळ फुसफुसला.

आमच्याकडं पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा नळ आधी हवा सोडतो, आणि तो आवाज सगळ्या इमारतीला झोपेतसुद्धा ऐकू जातो. तासाभरात मोटार लावून टाकी भरली नाही तर पुढच्या पाण्यापर्यंत कोरडं राहायचं. पण मोटार जुनी आहे. सुरू होताना ती सगळ्यांचे दिवे खाली ओढते, आणि उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालू असले की मेन फ्यूजच घेऊन जाते. मागच्या खेपेला असंच झालं होतं. पद्मजा तेव्हा तिथल्या नर्सना काही शिकवत होती, विजेवरचा इंटरनेटचा डबा बंद पडून पडदा काळा झाला, पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला, कुणाचं काही बिघडलं नाही. इन्व्हर्टरची बॅटरी तेव्हाच बसली होती, ती आता दुरुस्तीला गेलेली, आणि मोबाइलवर बोलणं होतं पण चित्र अडकतं.

मी मांडीवरचं शेंगांचं सूप खाली ठेवलं आणि जिना उतरले. पद्मजाला सांगितलं नाही. ऐकायला तिला मान वळवावी लागली असती.

मोटारीचा बोर्ड खाली जिन्याजवळ आहे. त्याला पाठ लावून उभी राहिले तोच दुसऱ्या मजल्यावरची शोभा पदर खोचत आली.

“सरका की आजी, पाणी आलंय.”

“ऐकलं मी. मोटार लावायची न्हाय.”

“कुणी सांगितलं?”

“मी सांगते.”

“तुमच्यात दोन माणसं. आमच्यात सात हायत. आंघोळी करायच्या का न्हाई?”

“एक दिवस आंघोळ न केल्यानं मेलेलं माणूस मी अजून बघितलं न्हाय.”

एवढ्यात बिराजदार आले. हे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी, अक्कलकोटकडचे, कानडी वळणानं मला अव्वा म्हणतात. चिंचोळी एमआयडीसीतून पाळी संपवून आलेले, अंगावर कंपनीचा मळका शर्ट, डोळ्यांत झोप.

“अव्वा, बिल्डिंग तुमच्या नावावर झाली काय?”

“थोडा वेळ झाली समजा. वर माझी सून एका बाईचं काळीज सांभाळत बसलीय.”

“वर? तुमच्या घरात?” शोभा म्हणाली. “कुटली बाई?”

“समुद्रातली.”

शोभानं बिराजदारांकडं बघितलं. “ऊन लागलंय आजीला. लिंबूपाणी द्या कुणीतरी.”

मग मला सगळं सांगावं लागलं. मोटार लागली की फ्यूज जाईल, फ्यूज गेला की पडदा जाईल, आणि पडदा गेला की त्या पोराची सुई आंधळी होईल. शोभाचं तोंड तरीही तसंच राहिलं. बिराजदारांनी मला बाजूला केलं, मोटारीचा फ्यूज उपटला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

“आता कुणी भांडायला आलं तर माझ्याकडं पाठवा,” म्हणाले, आणि तिथंच पायरीवर टेकले.

खालच्या नळाला पाणी आपल्या बळावर करंगळीएवढं येत होतं. बायका घागरी, बादल्या घेऊन आल्या, रांग लागली, कुरकूर सुरू झाली. मला वर जाता आलं असतं. गेले नाही. वर जाऊन मी काय करणार होते? आमची खिडकी बरोबर डोक्यावर होती, तिच्यातून पद्मजाचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. तो आवाज ना चढत होता ना उतरत होता, आणि माझा पाय काही एका जागी ठरेना.

ही पद्मजा शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू विणकरांच्या घरातली. तिच्या वडिलांच्या मागांवर टॉवेल निघायचे. भिंतीपलीकडं दिवसरात्र खडखड चाललेली, आणि त्या खडखडीत ही पोर झोपली, शिकली, डॉक्टर झाली. ती सांगते, माग चालू असतो तेव्हा तो कुणालाच ऐकू येत नाही. तो थांबला की मात्र गाढ झोपलेलं माणूसही डोळे उघडतं, कारण कुठंतरी धागा तुटलेला असतो. तिचं सगळं ऐकणं तसंच आहे. मी बोलत असते तेव्हा तिचं लक्ष नसतं. मी गप्प झाले की ती मान वर करते आणि विचारते, “काय झालं, आई?”

लग्न ठरलं तेव्हा ती मला नको होती. जात वेगळी, बोली वेगळी, स्वयंपाकात मन नाही. हे मी तिला तोंडावर सांगितलं होतं. ती म्हणाली, “मलापण तुम्ही नको होता, आई. तुमच्या मुलानं दोघींनाही विचारलं नाही.” त्यानंतर आमचं बरं जमलं. मुलगा नोकरीला पुण्यात, सुट्टीला येतो. एरवी या घरात आम्ही दोघीच, आणि खरं सांगायचं तर दीडच, कारण पद्मजा निम्मीच इथं असते.

तिचं घड्याळ आणि बेटाचं घड्याळ एकच आहे, पण तिकडं सूर्य लवकर येतो आणि लवकर जातो. म्हणून आमच्या खिडकीबाहेर काळोख असतो तेव्हाच ती चहाचा कप घेऊन उठून उभी असते आणि तिच्या चेहऱ्यावर उजाडलेलं असतं. संध्याकाळी समोरच्या भिंतींवर ऊन अजून तांबूस रेंगाळत असताना तिच्या डोळ्यांत दिवेलागण झालेली असते. एका घरात राहून दोन उजेडांत जगणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. सणाच्या ताटावर बसली तरी तिचं चित्त वाऱ्याकडं. गॅलरीतलं वाळत घातलेलं लुगडं जरा फडफडलं की ती बघते, जसा काही तो वारा तिकडूनच निघून आला असेल.

हात लहान आहेत तिचे. नखं मुळापर्यंत कापलेली, बांगडी नाही, आणि साधी कणीक मळायची तरी कोपरापर्यंत धुतलेले. त्या हातांना कधी घाई नसते आणि पायांना कधी स्वस्थता नसते. टेबलाच्या वर सगळं शांत, टेबलाखाली पाय सारखा हलतोय, अशी ती बसते. वरचं अंग डॉक्टरचं आणि खालचं अंग वाट बघणाऱ्या नातेवाइकाचं, असं मला वाटतं.

बेट म्हणजे काय हे तिनं मला एकदा समजावून सांगितलं. जहाज येईल तेव्हा औषध, जहाज येईल तेव्हा डॉक्टर, वारा उठला की काहीच नाही. मी म्हटलं, म्हणजे आमचं सांगोल्याकडचं गावच की. तुमच्या बेटाला चोहीकडून पाणी आणि आमच्या गावाला कुठूनच नाही, एवढाच काय तो फरक. तुम्ही जहाजाची वाट बघता, आम्ही टँकरची. माझ्या नवऱ्याच्या छातीत कळ आली तेव्हा गावात एकच जीप होती आणि ती डाळिंबं घेऊन बाजाराला गेली होती. परत आली तेव्हा तिचं काही काम उरलं नव्हतं. हे ऐकून पद्मजा हळहळली नाही. कळ हातात उतरली होती का, घाम सुटला होता का, एवढंच तिनं विचारलं. मला ते आवडलं. तोवर लोकांनी मला नुसतं रडून दाखवलं होतं.

“काय म्हणतीय ती?” शोभानं विचारलं.

मी कान दिला. वरचा आवाज बदलला होता. पद्मजा आता तेलुगूत बोलत होती, हळू, एकेक शब्द ठेवत. त्या दवाखान्यात तेलुगू कळणारं, शुद्धीवरचं एकच माणूस होतं, सरोजाची आई. तिला सकाळपासून दाराबाहेर बसवलेलं होतं. माणूस वाचलं की आईला आत बोलावतात, आणि गेलं तरी आईलाच आत बोलावतात.

“मला तेलुगू येत न्हाय,” मी म्हटलं.

“इतकी वर्षं सून हाय घरात.”

“ती शिकवत न्हाय, मी शिकत न्हाय.”

शोभा हसली नाही. तिनं भरलेली बादली उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. बिराजदार पायरीवरून उठून उभे राहिले. नळाची धार बारीक होत गेली, मग थेंब, मग नुसती हवा. कुरकुर करणाऱ्या बायकाही वर बघायला लागल्या होत्या, जिथं बघण्यासारखं काही नव्हतं, एक खिडकी होती आणि तिच्यावर ऊन होतं.

पद्मजा जिना उतरून आली ती अनवाणी. कपाळावर घाम, आणि डोळे अजून लांबच्या गोष्टीवर लागलेले. एवढी माणसं, एवढ्या घागरी बघून ती थबकली.

“पाणी आलं होतं?” तिनं विचारलं.

रांगेतली एक बाई हसली आणि मग सगळ्याच हसल्या. पद्मजाला त्यातलं काही कळलं नाही.

“जगली का?” मी म्हटलं.

“पहिल्यांदा सुईत काही आलं नाही. मी म्हटलं, सुई थोडी मागं घे, जरा वर कर. मग काळं रक्त आलं. वाटीभर निघालं. नाडी आलीय.”

“मी विचारलं काय, तू सांगतेस काय.”

“आत्ता एवढंच सांगता येतं, आई. पुन्हा साचू शकतं.”

बिराजदारांनी खिशातला फ्यूज काढला, बघितला आणि बोर्डात बसवला. आता बसवून उपयोग नव्हता. त्यांनी मोटारही लावली नाही. तसेच आंघोळ न करता झोपायला गेले.

पुढचे दिवस मला आठवतात ते घामाच्या वासासकट. इमारत बिनआंघोळीची, चिडचिडी. पण शोभा जिन्यात भेटली की पाण्याचं बोलायची नाही, “ती समुद्रातली बाई कशी हाय?” असं विचारायची, जणू सरोजा तिच्या नणंदेची कुणी असावी. पद्मजा टेबलापाशीच जेवली, खुर्चीतच डुलकी घेतली. यंत्रातला पाऊस थांबत नव्हता. मी शेंगा फोडून संपवल्या, मग काही हातात धरायला म्हणून निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. एका सकाळी यंत्रातला पाऊस गेला आणि कुठल्यातरी पाखराचा आवाज आला. त्या दिवशी हेलिकॉप्टर उतरलं. त्यांनी सरोजाला मोठ्या बेटावर नेलं, आणि पद्मजा एका पिशवीत दोन साड्या कोंबून तिकडं निघाली. साचलेलं नीट काढायला छाती पुन्हा थोडी उघडावी लागणार होती. टेबल मोकळं झालं. मी ते पुसलं, आणि त्या मोकळ्या टेबलासमोर मला जेवण जाईना.

सरोजाला मी कधी पाहिलं नाही. पडद्यावर मला दिसलं ते तिच्या हृदयाचं राखाडी हलणं. चेहरा कुणी दाखवला नाही, मी मागितला नाही. माणसं जातात तेव्हा आधी त्यांचा चेहरा पुसट होतो, मग आवाज, हे मी माझ्या नवऱ्याच्या बाबतीत बघितलेलं आहे. सरोजाच्या बाबतीत विसरायला माझ्याकडं चेहराच नाही, म्हणून असेल, ती काही केल्या पुसट होत नाही. आता ती पुन्हा तिच्या बेटावर मुलांना शिकवते. माझं किंवा शोभा-बिराजदारांचं नाव तिला माहीत नाही आणि माहीत असायचं कारणही नाही. ती जगली.