चावडीचं दार

पंचायतीत दोन बायका हव्यात असा नवा कायदा आला, तेव्हा एरंडोल तालुक्यातल्या त्या गावाचे सरपंच धनसिंग आबा मुळीच डगमगले नाहीत. एका जागेवर त्यांनी आपली चुलती घेतली; तिला ऐकू येत नसे. दुसरीवर धाकट्या भावाची, लोटनची, बायको झुंबरबाई. आबा तिचे जेठ. जेठासमोर भावजयीने पदर हनुवटीपर्यंत ओढायचा, त्याच्याशी अवाक्षर बोलायचं नाही आणि त्याचं खाकरणं ऐकू आलं की वाटेतून उठून आत जायचं, ही घराण्याची रीत. एक ऐकणार नाही, दुसरी बोलणार नाही. कायदाही पाळला गेला आणि सभेची शांतताही.

प्रश्न आला तो विहिरीचा. सरकारने पिण्याच्या पाण्याच्या विहिरीला मंजुरी दिली होती आणि ती आपल्या मळ्याच्या बांधावर व्हावी, असं आबांचं मत होतं. मळा नदीच्याही पलीकडे. तिथे गाव पाणी भरायला जाणार नाही हे खरं. पण मिरची तिथेच होती आणि तीही तहानेलीच, असं आबांच्या बाजूचे म्हणत. झुंबरबाईची सून सहावा महिना चालू असताना नदीच्या चढावर घागरीसकट पडली होती. मूल राहिलं नाही. विहीर गावात मारुतीच्या देवळामागे व्हावी, एवढंच झुंबरबाईला हवं होतं. पंचायतीत येऊन दुसरं काही करावं असं तिच्या मनातही नव्हतं.

पहिल्या सभेत ती चावडीच्या खांबाजवळ बसली. जेठाला सांगायचं असलं की घरात ती जात्याला किंवा चुलीला सांगे. इथे तिने खांबाला सांगितलं, "खांबा, हीर गावमा पाहिजे. नदीवर जाता-जाता बायास्न्या कंबरा मोडन्यात."

आबांनी सेक्रेटरींकडे पाहून विचारलं, की खांब मेंबर आहे का. सेक्रेटरी म्हणाले, नाही. मग त्याच्याशी झालेलं बोलणं सभेत झालं असं धरता येणार नाही, असं ठरलं. एकाने खांबाचंही मत घ्यावं असं सुचवलं. सगळे पोटभर हसले आणि जेवणवेळ झाली म्हणून निर्णय पुढच्या सभेवर गेला.

पुढच्या सभेला झुंबरबाई सगळ्यांच्या आधी आली आणि आत न जाता उंबऱ्याला लागून, दारातच बसली. तोंड आत, पाठ बाहेर. चावडीला दार एकच. बाकीचे मेंबर अंग चोरून आत गेले. शेवटी आबा आले आणि खाकरले.

ती उठली नाही.

आबा पुन्हा खाकरले, मग चांगले खोकले. भावजयीला ओलांडून जाणं म्हणजे गावभर छी-थू. तिला 'सरक' म्हणणं म्हणजे तिच्याशी बोलणं. त्यांनी पारावरून लोटनला बोलावलं.

"तुनी बायकोले सांग, बाजूले सरक."

लोटनने आधी भावाकडे पाहिलं, मग बायकोच्या पाठीकडे. "आबा, घरमा सांगतू," तो चावडीकडे बोट करून म्हणाला. "आठे ती मेंबर शे."

कुणीतरी खिडकी सुचवली. आबांनी धोतराचा सोगा सावरून एक पाय खिडकीत ठेवलाही. पण तेवढ्यात घागरी घेऊन नदीकडे निघालेल्या बायका कोपऱ्यावर थबकल्या. आबांनी पाय खाली घेतला आणि जणू भिंतच तपासायला आल्यासारखा तिच्यावर हात फिरवला.

सेक्रेटरींनी नियम वाचला. सरपंच हजर नसतील तर अध्यक्ष उपसरपंच. उपसरपंच जीवराम आजवर आबांच्या आधी कधी खुर्चीकडे पाहतही नसे. पण विहिरीवरून त्याच्याही घरी बायको बोलेनाशी झाली होती आणि आबा आता भिंतीपलीकडे होते. त्याने विहिरीचा विषय घेतला. विहीर कुठे हवी हे या वेळी झुंबरबाईने माणसांनाच सांगितलं, आणि मत मागितल्यावर बांगड्यांसकट हात वर केला. इतरांनी आधी खिडकीकडे पाहिलं. तिथे कुणी दिसलं नाही, तेव्हा त्यांचे हात वर गेले. आबांच्या चुलतीने सगळ्यांचे पाहून आपलाही केला.

देवळामागे खणायला सुरुवात झाली आणि उन्हाळ्याच्या आत पाणी लागलं. त्यानंतरच्या सभेत आबांनी तातडीचा एकच ठराव मांडला: चावडीला मागच्या बाजूने दुसरं दार पाडावं. आता गावातल्या बायकांना पाण्यासाठी चढ चढावा लागत नव्हता. आबांनाही खिडकी चढावी लागू नये, असं झुंबरबाईला मनापासून वाटलं. सगळ्यात आधी हात तिनेच वर केला.