पाण्यातले तीन ठोके

धरणाच्या काठावर सकाळपासून रांग लागली होती. जलदास महाराजांनी काठावरच्या आपल्या झोपडीसमोर पाण्यात लोखंडी पाइप सोडला होता. त्याला कान लावून प्रश्न विचारायचा. बुडून गेलेलं माणूस तीन ठोके देऊन ‘हो’ म्हणतं, असा त्यांचा दावा.

सर्वांत पुढे भिकुबाई होती. तिचा किरण दोन वर्षांपूर्वी मासे धरताना इथेच बुडाला, आणि देह सापडला नाही.

“बाळा, आईचं शेत आश्रमाला द्यायचं ना?” महाराजांनी मोठ्याने विचारलं.

टक, टक, टक.

भिकुबाईचे डोळे वाहू लागले. “मना पोऱ्या शे हाऊ,” ती म्हणाली; हा आपलाच मुलगा, अशी तिची खात्री पटली. सोमवारी शिरपूरला जाऊन ती दानपत्रावर अंगठा देणार होती. तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

मी गावच्या शाळेत शिक्षक. मला एक गोष्ट खटकत होती. महाराज प्रत्येकाचा प्रश्न स्वतः मोठ्याने का विचारतात? माझी पाळी आली तेव्हा मी मनातल्या मनात विचारलं. पाइप मुका राहिला.

शिरपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या अफरीन मॅडमना मी फोन केला. धरणाच्या भिंती तपासायला त्यांनी पाण्याखाली चालणारा छोटा रोबो बनवला होता. दुसऱ्या दिवशी त्या आल्या.

“मृतात्मा कोपेल,” महाराज म्हणाले.

“मना पोऱ्या मनावर रागे भराव नही,” भिकुबाई शांतपणे म्हणाली. “पाहू द्या.”

मुलगा आपल्यावर रागावणार नाही असं आईच म्हणाली, मग कोण अडवणार? मॅडमनी काठावर तीन ठिकाणी पाण्यात ऐकणारे माइक सोडले. महाराजांना प्रश्न विचारावाच लागला. ठोके पडले.

“आवाज एका माइकला आधी पोचतो, दुसऱ्यांना किंचित उशिरा,” मॅडम लॅपटॉप दाखवत म्हणाल्या. “त्या फरकावरून जागा कळते. अक्का, तुमचा मुलगा कुठे बुडाला?”

भिकुबाईने पार भिंतीजवळच्या डोहाकडे हात केला.

“आवाज तिथला नाही. तो या झोपडीशेजारच्या पाण्यातून येतोय, काठापासून चाळीस फुटांवरून.”

रोबो त्या दिशेने गेला. पडद्यावर गाळ दिसला, मग दगडाला बांधलेला स्टीलचा डबा. त्याच्या पारदर्शक झाकणाआड मोटर आणि हातोडी. डब्यातून निघालेली वायर गाळातून थेट महाराजांच्या झोपडीत शिरली होती. सतरंजीखाली दारावरच्या घंटेचं बटण होतं, आणि बटणाशेजारी बाहेरचे प्रश्न ऐकत बसलेला महाराजांचा शिष्य.

भिकुबाई आत गेली. तिने स्वतः बटण दाबलं. बाहेर पाइपला कान लावून मी ऐकलं आणि तिला सांगितलं, “तीन.”

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तीन. ती खाली बसली.

“मंग मना किरण कोठे शे?”

मॅडम तिच्याजवळ बसल्या. “मला माहीत नाही, अक्का. पण परवानगी मिळाली, तर त्या डोहात रोबोने शोधेन. काही सापडेलच असं सांगत नाही.”

मी पोलिसांना फोन केला. पोलीस आले, महाराजांना घेऊन गेले. दानपत्र झालं नाही.

मी तुम्हाला एवढंच सांगेन. दुःखात माणूस कान देतो, त्यात त्याचा दोष नाही. पण आपलं माणूस बोलतंय असं कुणी म्हणालं, तर सही करण्याआधी आवाज कुठून येतोय ते पाहा. खरं सांगणारा तुम्हाला पाहू देईल.