धूसर मी नव्हतो

मी डोक्याची चित्रं काढणारा स्कॅनर बोलतोय, आणि आज मी गोड बोलणार नाही. काल चौकशी समितीपुढे मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, यंत्र जुनं झालंय, चित्र धूसर आलं. म्हणे धूसर!

बारा वर्षांपूर्वी मला पेट्यांत भरून या तळमजल्यावरच्या थंड खोलीत आणलं. जाड काचेपलीकडे बसून स्कॅनताई मला चालवतात. हजारो डोकी माझ्या कड्यातून गेली. भल्याभल्यांना मी डोळे घट्ट मिटून पुटपुटताना पाहिलंय.

मेंदूची रक्तवाहिनी बंद पडली, की पहिल्या दोनेक तासांत चित्रात फरक पडतो तो केसाएवढा. एक राखाडी दुसऱ्या राखाडीहून जरा काळी, बस्स. माझ्या आकड्यांत तो असतो, माणसाच्या डोळ्याला सहसा दिसत नाही.

म्हणून गणितवाल्या बाई आल्या तेव्हा मला हायसं वाटलं. दोन वर्षं त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी माझी जुनी चित्रं उकरत बसल्या. मेंदूचा डावा अर्धा उजव्याशी ठिपक्या-ठिपक्यानं ताडून पाहायचा, चित्रातली खरखर गाळायची, उरलेला फरक तांबड्या रंगात दाखवायचा, असं गणित त्यांनी बसवलं. शंभर वेळा चुकलं, शंभर वेळा सुधारलं. मोठे डॉक्टर त्याला 'बाईंचं रंगकाम' म्हणायचे.

गेल्या महिन्यात सकाळी अकराच्या सुमारास बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणारी बाई आली. माईकवर बोलता बोलता तिची जीभ जड झाली, उजवा हात लुळा पडला. थोरली बहीण तिथेच तिकीटखिडकीवर बसते. तिनं वेळ अचूक सांगितली, दहा वाजून दहा मिनिटं.

मोठ्या डॉक्टरांनी उभ्या उभ्या चित्र पाहिलं. रक्तस्राव नाही, चित्र स्वच्छ आहे, म्हणाले. बायकांना ताणानं असं होतं. घरी काही वाजलंय का, असंही बहिणीला विचारलं. शेजारी बाईंच्या गणिताच्या पडद्यावर मेंदूच्या डाव्या अर्ध्यात तांबडा डाग उमटला होता. स्कॅनताईंनी तो दाखवला.

"ताई, तुम्ही बटणं दाबा. निदान मी करतो."

गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते दोन मजले वर कपाटात होतं. स्कॅनताईंचा फोन येताच गणितवाल्या बाई धावत आल्या, तर डॉक्टर बैठकीत. बैठकीचं दार उघडलंच नाही, औषध कपाटातच राहिलं. संध्याकाळी पुन्हा चित्र काढलं, तेव्हा डाग कोणालाही दिसला असता. माझा नुसता जळफळाट झाला. घरघर करण्यापलीकडे मला काय येतं?

काल समिती मला तपासायला याच खोलीत आली. डॉक्टरांचं धूसरपुराण संपल्यावर भिंतीशी उभी असलेली थोरली बहीण शांतपणे बोलली.

"धूसर होतं, तर त्या दिवशी स्वच्छ आहे असं का म्हणालात?"

स्कॅनताईंनी तांबड्या डागाचं चित्र टेबलावर ठेवलं. वर वेळ छापलेली, अकरा बावीस.

आज सकाळी हुकूम निघाला. डॉक्टरांना तातडीच्या कामावरून काढलंय, आणि बाईंचं चित्र पाहिल्याशिवाय यापुढे निर्णय घ्यायचा नाही. माझ्यात दोष नाही, असंही लिहिलंय. काय करू त्या कागदाचं? चाटू?

कुणाची जीभ जड झाली, हात लुळा पडला, तर ताण म्हणून बसवून ठेवू नका. घड्याळ पाहा आणि धावा. कोणी हसण्यावारी नेलं, तर भांडा.

ती घोषणा करणारी बाई आज दुपारी तपासणीला आली होती. तिला चार शब्द येतात, त्यांतले दोन चुकतात. बसस्थानकावर तिच्या जागी नवं कोणी घेतलेलं नाही. तिच्याच जुन्या, रेकॉर्ड करून ठेवलेल्या घोषणा लावतात, बहीण सांगत होती. रस्त्यानं जाताना तो खणखणीत आवाज कानावर आला, की ती डाव्या हातानं एक कान झाकते. दुसरा बहीण झाकते.