डाव्या स्टिअरिंगची जीप

दत्तोबांनी स्टिअरिंग फिरवलं, तशी पुढची दोन्ही चाकं मुकाट वळली. चाकं म्हणजे नुसत्या रिमा, कारण जीप विटांवर टेकवलेली होती आणि टायर कधीच गेले होते. बॉनेट चेपलेलं, मागच्या सीटवर कोंबडीनं संसार थाटलेला. पण स्टिअरिंग मात्र कालच बसवल्यासारखं फिरत होतं.

"घावला!" दत्तोबा स्वतःशीच म्हणाले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कळस गावच्या त्या भर उन्हात नाचावंसं वाटलं.

जन्मभर त्यांनी बारामतीत खताच्या एका कंपनीच्या साहेबांची गाडी चालवली. साहेबांच्या मुलांना शाळेत सोडलं, पाहुण्यांना स्टेशनवरून आणलं, साहेबांच्या कुत्र्यालासुद्धा डॉक्टरकडे नेलं. फक्त स्वतःच्या बायकोला कधी शेजारी बसवलं नाही. गाडी साहेबांची, आणि दत्तोबा नियमाला पक्के. विजयमालाबाई माहेरी एसटीनं गेल्या, बाळंतपणाला एसटीनं गेल्या, आणि गुडघे गेल्यावर एसटीची पायरी चढवेना म्हणून घरीच बसल्या. तेव्हा दत्तोबांनी एका बागायतदाराच्या गोठ्यात सडत पडलेली, मिलिटरीतून आलेली जुनी जीप विकत घेतली आणि खुळ्यासारखे तिच्यामागे लागले. इंजिन झालं, रंग झाला, गाद्या झाल्या. बायकोला चढता यावं म्हणून खाली एक जादा पायरीही बसवून घेतली. सगळं अडलं चाकं वळवणाऱ्या स्टिअरिंगच्या बॉक्सपाशी. जीप डाव्या स्टिअरिंगची, आणि पुण्यामुंबईच्या जुन्या बाजारांत बघावं तो बॉक्स उजव्या बाजूचा. शेवटी इंदापूरच्या स्टँडवर जीपमधून उतारू नेणाऱ्या एका जुन्या वडापवाल्यानं सांगितलं, तसली एक जीप कळसला अपघातानंतर पडून आहे.

ती ह्या घरच्या द्वारकाबाईंच्या नवऱ्याची, गेणूची. गेणू तिच्यावर वडाप करायचा. रणजित, त्यांचा मुलगा, दुसरीत होता तेव्हा जीप ओढ्याच्या पुलावरून खाली गेली. गेणू गेला, त्याच्या शेजारी बसलेला एक उतारूही गेला.

द्वारकाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "लागंल का तात्या उपयोगाला?"

"वैनी, एक नंबर हाय! कायबी झालं न्हाय बॉक्सला," दत्तोबा म्हणाले. आनंदाच्या भरात त्यांचा आवाज चढला होता.

द्वारकाबाईंनी पटकन रस्त्याकडं बघितलं. "हळू बोला."

"का वं?"

तांब्या खाली ठेवून त्या जीपच्या सावलीत बसल्या. "गाव म्हनलं, पिऊन चालवत व्हता. मी म्हनलं, स्टेरिंग अडाकलं. पोरगं माझं तेवढंच धरून मोठं झालंय तात्या. शाळंत मारामाऱ्या केल्या त्यानं त्याच्यावरनं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "दारू शिवली न्हवती वं ह्यांनी. उसाचा शीजन, रात न्हाय दिस न्हाय. डोळा लागला आसंल."

आयुष्य गाडीवर काढलेल्या माणसाला ते पटवून द्यावं लागत नाही.

"रणजित दूध आनाय गेलाय. मुद्दाम रजा टाकलीय कंपनीतनं," द्वारकाबाई म्हणाल्या. "इकायची तर इकू म्हनला, पन आजवर त्यानं स्टेरिंगला हात लावला न्हाय; तुमी आला की सोताच्या हातानं फिरवून बघनार."

एवढं बोलून त्या आत गेल्या. त्यांनी काही मागितलं नाही. मागितलं असतं तर दत्तोबांना नाही तरी म्हणता आलं असतं.

ते तसेच बसून राहिले. हा बॉक्स नेला की चार दिवसांत जीप रस्त्यावर. शेजारी विजयमालाबाई, केसांवर पदर, आणि भिगवणच्या रस्त्याचा वारा. हे त्यांनी इतक्यांदा मनात बघितलं होतं, की ते होऊन गेल्यासारखंच वाटायचं. मग त्यांना शाळेच्या पटांगणात मारामारी करणारं पोर दिसायला लागलं, आणि ते काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. दत्तोबांना त्या पोराचा रागच आला.

त्यांनी पान्यानं बॉक्सचं झाकण उघडलं. आतला भाग काळ्या ग्रीसमध्ये जपून ठेवल्यासारखा होता. पिशवीतला एक जाड नट काढून त्यांनी तो आतल्या खोबणीत टाकला. डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी व्हील ओढलं. नट हलला. पुन्हा ओढलं. आत कडकन काहीतरी मोडलं आणि व्हील जागच्या जागी अडकून बसलं. त्यांनी झाकण लावलं, त्यावर जुनं ग्रीस फासलं.

रणजित आला. तिशीतला, अंगानं भक्कम. त्यानं दुधाची पिशवी आईकडं दिली आणि सरळ जीपपाशी येऊन उभा राहिला. "काय निघालं तात्या?"

"फिरवून बघ."

रणजितनं व्हील धरलं. हललं नाही. पाय रोवून जोर लावला, तरी हललं नाही.

"अडाकलंय," तो म्हणाला.

"व्हय. लय वढलं आसंल तुझ्या आण्णांनी. पन आसं अडाकल्यावर कुनालाबी गाडी वळवता येत न्हाय."

रणजितनं व्हील सोडलंच नाही. तसंच धरून त्यानं त्यावर कपाळ टेकलं आणि तो एवढा मोठा बाप्या हमसून हमसून रडला. द्वारकाबाई दारातून दत्तोबांकडं बघत होत्या. मग त्यांनी नजर खाली घातली आणि चहाला आधण ठेवायला वळल्या.

चहा झाल्यावर रणजित म्हणाला, "पैसं नगंत तात्या. तसाच घिऊन जावा बॉक्स."

"काय करू नेऊन?" दत्तोबा म्हणाले. "बाद हाय तो."

घरी पोचेपर्यंत दिवस मावळला होता. विजयमालाबाई दारातच होत्या. "घावला का वं?"

"घावला व्हता," दत्तोबा म्हणाले, आणि पायरीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं.

"पोराला पटलं का पन?"

"पटलं."

"मंग झालं."

"तुला बसवायचं व्हतं गं शेजारी," दत्तोबा म्हणाले.

"म्हाईत हाय मला."

भिंत धरत धरत त्या उठल्या आणि आपली जीप उभी होती त्या शेडकडं निघाल्या. दत्तोबा मागोमाग गेले. कोपऱ्यातली ताडपत्री दोघांनी उलगडली. एका बाजूनं दत्तोबांनी ती जीपवर ओढली, दुसरं टोक विजयमालाबाईंनी धरलं.

"खालपतूर वढा," त्या म्हणाल्या. "धूळ बसती."