माझ्या बटणाला रबर लावलं तेव्हा

“वहिनी, हा संच परवान्याशिवाय चालवायचा नसतो,” प्रसेनजीतनं बजावलं होतं.

“भावजी, आता पाळण्यालाही परवाना काढू का?” संघप्रियानं दिराला हसण्यावारी नेलं आणि मला पाळण्याच्या दांडीला अडकवलं.

मित्रांनो, मी एक जुना वॉकीटॉकी आहे. माझा जन्म परदेशातला, पण बोलायला शिकलो ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यावर. नव्वदच्या दशकात उसाच्या गाड्यांची रांग माझ्या हुकमावर हलायची. “ऊस टाकायची गव्हाण रिकामी हाय, गाड्या सोडा की! ओव्हर,” असं गुंडू मुकादम ओरडायचा. ओरडायचा खरा, पण आधी कान देऊन ऐकायचा, हवेतली वाट, म्हणजे आमची लहर, मोकळी असेल तरच बटण दाबायचा आणि पहिल्यांदा स्वतःचं नाव सांगायचा. कारखान्याकडं परवाना होता आणि त्याबरोबर आलेली शिस्तही होती. साहेब म्हणायचे, “ह्याच्याशिवाय आपला हंगाम पार पडायचा न्हाय.” मी फुलून जायचो.

पुढं मोबाइल आले आणि मी धूळ खात पडलो. हात बदलत बदलत बाजारात पोचलो. तिथून पृथ्वीराजनं मला आणि माझ्या जोडीदार संचाला कोल्हापुरातल्या कळंब्याच्या घरी आणलं. विकणाऱ्यानं परवान्याचं नावही काढलं नाही आणि घेणाऱ्यानं विचारलं नाही.

पृथ्वीराजची बायको संघप्रिया शिकलेली, हुशार. पण लेकीच्या काळजीनं पोखरलेली. मनू अपुऱ्या दिवसांची होती. खाली मुलांच्या शिकवण्या घेताना आईचा जीव वरच्या पाळण्यात असायचा. म्हणून तिनं युक्ती काढली. केसांचं रबर माझ्या बटणावर घट्ट चढवलं. आता मनूचा श्वाससुद्धा खालच्या जोडीदारातून ऐकू येई. संघप्रिया निवांत झाली. मीही खूश होतो. मला पुन्हा काम मिळालं होतं.

पण मित्रांनो, माझा एक स्वभाव आहे. बटण दाबलेलं असेपर्यंत मी फक्त बोलतो, ऐकत नाही. आणि त्या वाटेवर मी बोलत राहिलो, की दुसऱ्या कुणाचा आवाज पोचणं मुश्कील होतं.

दोन हजार पाचच्या जुलैत पंचगंगा रानात शिरली, मग गावांत शिरली. प्रसेनजीतनं बिनतारी संदेशाची परीक्षा देऊन परवाना मिळवलेला होता. तो नदीजवळच्या एका शाळेत संच घेऊन बसला आणि बचावाच्या होड्यांतल्या संचांवर निरोप देऊ लागला. तिथं बुडालेल्या गावातला आकाराम धावत आला. “आत्ती घरातच हाय! मला वाटलं शेजाऱ्यांनी नेली, शेजाऱ्यांना वाटलं मी नेली!”

त्याची आत्या चिमणाबाई एकटी राहायची. पाणी माळ्याला लागलं होतं. बचावाला निघालेल्या यल्लाप्पाची नाव तिच्याच गल्लीतून परतत होती. प्रसेनजीतनं बटण दाबलं, “यल्लाप्पा, नाव फिरवा!” पण नेमका तेव्हाच मी पाळण्यावरून त्याच लहरीवर बोलत होतो, म्हणून नावेत ऐकू गेलं ते भलतंच. तान्ह्या पोरीचं रडणं, कुकरची शिट्टी आणि “आले गं बाई, आले!”

“त्या पोरीला कुणीतरी पाजा की!” यल्लाप्पा वैतागला आणि वल्ही मारत राहिला.

“कोण बोलतंय? वाट मोकळी करा!” प्रसेनजीत विनवत होता. मला ते ऐकूच येत नव्हतं. तेवढ्यात संचातून आवाज आला, “मने, गप की गं!” आवाज घरचा होता. त्यानं शाळेतला फोन ओढून घरी लावला. संघप्रियानं खाली येऊन तो उचलला.

“वहिनी, आधी ते रबर काढा! म्हातारी बुडतीय!”

संघप्रिया जिना कशी चढली, तिलाच ठाऊक. रबर तुटून पडलं. मी गप्प झालो आणि पहिल्यांदाच मला नदीवरचे आवाज ऐकू आले. प्रसेनजीतचा निरोप गेला. मग नुसती खरखर. मनूला छातीशी धरून ती उभी होती.

“व्हय, दिसली! कौलं सरकवून हात बाहेर काढलाय!” यल्लाप्पा ओरडला. थोड्या वेळानं त्याच्या मागून थरथरता, पण खणखणीत आवाज आला, “कुठं गेलतासा रं मुडद्यांनो? माझ्या कोंबडीला आधी घ्या!”

संघप्रियानं तुटलेलं रबर उचललं आणि केरात टाकलं.

पाणी ओसरल्यावर तिनं मला प्रसेनजीतच्या हवाली केलं आणि अभ्यासाला बसली. परीक्षा दिली, रीतसर परवाना घेतला, मगच माझ्यासारख्या संचाला हात लावला. आता ती बोलण्याआधी ऐकते.

मित्रांनो, काहीजण म्हणतात, हवा सगळ्यांची, मग परवाना कशाला? रस्ताही सगळ्यांचाच असतो. म्हणून न शिकलेल्याच्या हाती आपण एसटी देतो का? परवाना असलेला माणूस कधी गप्प बसायचं ते शिकलेला असतो, आणि तो चुकला तरी नावानं सापडतो. त्या दिवशी आवाज घरचा निघाला म्हणून निभावलं. परक्याचा असता तर कुठं शोधला असता? माझं बटण दाबणाऱ्या प्रत्येकाकडं परवाना असलाच पाहिजे, हे मी ठासून सांगतो.

संघप्रियाचं मात्र आणखी एक सांगणं आहे, तेही तुमच्यापर्यंत पोचवतो. तुमच्या गल्लीत कुणी एकटं राहत असेल, तर दुसऱ्यानं विचारलं असेल असं धरून चालू नका. आज त्यांच्या दारात जा, हाक मारा, आणि आतून उत्तर आल्याशिवाय परत फिरू नका.